तेल बदलायचा दिवस

आंब्याच्या खोडात ठोकलेल्या खिळ्यावर लाकडी पाय टांगलेला दिसला, की समजायचं, गेनूभाऊ गाडीखाली आहेत. मग त्यांना हाक मारायची नाही. सरपंच येवोत, पोस्टमन येवो, नाहीतर खुद्द त्यांच्या बायकोला, हौसावैनींना, चुलीला लाकूड फोडून हवं असो, पाय खिळ्यावरून खाली उतरेपर्यंत ओट्यावर गप बसून राहायचं.

मला बापडीला हे काय माहीत? साठ सालच्या आगेमागे मी लोणावळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्स म्हणून लागले. मी मूळची वाईकडची, एकटी बाई, तोंडाने फटकळ. कुणी सांगितलं की कुरवंड्याच्या रस्त्याला गेनूभाऊंकडे एक खोली रिकामी आहे, म्हणून बघायला गेले. फाटक ढकललं आणि समोर झाडाला गुडघ्याखालचा पाय. वहाणेसकट. आयुष्य दवाखान्यात काढायला निघालेली मी, पण किंचाळलेच. तेवढ्यात अंगणातल्या गाडीखालून शांत आवाज आला, "भिऊ नका बाई, माजाच हाय."

ही आमची पहिली भेट. खोली मला पसंत पडली, ती मुख्यतः या उत्तरामुळे. पुढे पंधरा-सोळा वर्षं मी त्यांची शेजारीण होते. त्यांच्या भिंतीला माझी भिंत. त्यांचं खोकणं मला ऐकू यायचं, माझं बडबडणं त्यांना.

गेनूभाऊ कुरवंड्याचे. तरुणपणी रेल्वेच्या यार्डात होते. डबे जोडताना डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "ऱ्हायला तितं," जणू छत्री विसरून आले असावेत. मग एका पारशी शेठच्या बंगल्यावर माळ्याचं काम मिळालं. या शेठकडे एक अमेरिकन पिकअप होती, पुढे तिघांची बैठक आणि मागे उघडा हौदा. कोंबड्यांचे खुराडे, झाडांची रोपं असलं काहीबाही वाहायला शेठने ती घेतलेली. गुडघे दुखायचे म्हणून मुद्दाम बिनक्लचची घेतली होती.

आता हे समजावून सांगायला हवं, कारण मलाही ते समजायला वेळ लागला. आपल्याकडच्या मोटारींना डाव्या पायाने क्लच दाबावा लागतो, तेव्हा गिअर बदलतो. या गाडीला क्लचच नव्हता. गिअर आपले आपण पडायचे. गिअरबॉक्सच्या पोटात लालभडक तेल असायचं, कुंकू कालवल्यासारखं, आणि त्या तेलाच्या जोरावर सगळं चालायचं. म्हणजे चालवणाऱ्याला एक उजवा पाय असला की झालं. शेठने गेनूभाऊंना बंगल्याच्या आवारातच गाडी शिकवली, आणि म्हातारपणी लेकीकडे परदेशात जाताना ती त्यांच्या नावावर करून दिली. अख्ख्या मावळात एका पायाच्या माणसाला चालवता येईल अशी एवढी एकच गाडी, आणि ती नेमकी या माणसाच्या अंगणात. ती बंद पडली असती तर गेनूभाऊंना दुसरी कुठलीच गाडी चालवता आली नसती. हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. हौसावैनींना त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण नवऱ्याचा जीव त्या गाडीत आहे एवढं त्यांनाही कळत होतं.

पहिल्यांदा त्या गाडीत बसायची वेळ आली तेव्हा मी सपशेल नकार दिला. कुरवंड्याच्या वर डोंगरात एक ठाकरवाडी आहे. तिथली एक बाई अडलेली होती आणि तिची सासू चिमामावशी पळत दवाखान्यात आली होती. डॉक्टर म्हणाले, गेनूभाऊंची गाडी घेऊन जा. मी म्हटलं, एका पायाच्या माणसाबरोबर डोंगरात जायला माझा जीव वर आलेला नाही. भाऊ दारातच उभे होते, त्यांनी ऐकलं. रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, ह्या गाडीला बी येकच पाय लागतो. दोन पायाचं मानूस हिच्यात अडचन हुतं." चिमामावशी रडत होती, म्हणून बसले. मनातल्या मनात नवस बोलत बसले, खोटं कशाला सांगू.

चढावर गाडी जरा रेंगाळायची, इंजिनाचा आवाज वर चढायचा, आणि मग हलकेच पुढचा गिअर पडायचा. हिसका म्हणून नाही. त्या मधल्या क्षणी भाऊ एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "इचार करतीय ती." मी घाबरून काही विचारायला गेले की पुन्हा तेच, "थांबा, इचार करतीय." हे त्यांचं पालुपद होतं आणि ते फक्त गाडीपुरतं नव्हतं. पाव्हण्याने मुलीच्या स्थळाबद्दल विचारलं, हौसावैनींनी भाजी काय करू विचारलं, तरी हे आधी एक बोट वर करणार. मला सुरुवातीला वैताग यायचा. सरळ मेथी म्हणा ना. पण ते घाईने बोललेले मी कधी पाहिले नाहीत, आणि बोललेला शब्द परत घेतलेलेही पाहिले नाहीत.

डोंगराच्या पायवाटेपर्यंत गाडी गेली, पुढे वाडीतल्या माणसांनी बाईला झोळीतून आणलं. हौद्यात गवताच्या पेंढ्यांवर तिला निजवून आम्ही खाली आलो. बाई वाचली, मूलही वाचलं. सगळेच वाचायचे असं नाही. कितीदा तरी असं झालं की माणूस दवाखान्याच्या पायरीवर पोचण्याआधी गेला. मग तोच माणूस परत त्याच्या गावी न्यायचा. तेव्हा भाऊ येताना जितके सांभाळून आले असतील, तितकेच सांभाळून परत जायचे. मी एकदा म्हटलं, आता कसली काळजी भाऊ, थोडी भरभर घ्या. तर म्हणाले, "गेलेल्या मानसाला बी हिसका बसू नये, बाई." या माणसाने माझं तोंड बंद केल्याचे प्रसंग फार नाहीत, त्यातला हा एक.

आणि तो तेल बदलायचा दिवस. वर्षातून एकदा, वैशाखातल्या एका रविवारी, पाऊस सुरू व्हायच्या आधी. गॅरेजात नाही, घरी. अंगणात त्यांनी स्वतः खणलेला, माणूस उताणा मावेल एवढा खड्डा होता. सकाळी आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून, आधी गाडी रस्त्यावर थोडी फिरवून आणायची. तेल गरम झालं की पातळ होतं आणि तळचा गाळ घेऊन येतं. मग गाडी खड्ड्यावर उभी करायची, पट्टा सोडून पाय खिळ्याला टांगायचा, आणि गोणपाटावरून सरपटत खाली शिरायचं. गिअरबॉक्सच्या तळाचं बूच सोडलं की तेल लोखंडी पाटीत पडायचं. मग तळाचं पत्र्याचं झाकण उतरवायचं, आतली जाळी रॉकेलने धुवायची, तेल गळू नये म्हणून झाकणाच्या कडेला बुचाच्या लाकडाच्या पातळ तक्त्यातून कापलेली नवी कड बसवायची. बोल्ट आवळताना एकाशेजारचा दुसरा नाही, एक या कडेचा तर पुढचा समोरच्या कडेचा, थोडा थोडा, सगळे सारखे. मग वरच्या बारीक नळीतून नरसाळं लावून नवं लाल तेल, मलमलीतून गाळून.

त्यात माझाही एक हिस्सा होता. आत एक लोखंडी पट्टी असते, ती ओढून तेल किती आहे ते बघायचं. ती पुसायला ज्या कापडाचा धागा सुटत नाही असंच कापड लागतं. माझी दवाखान्याची पांढरी लुगडी धुऊन धुऊन इतकी विटायची की धागा सुटायला उरायचाच नाही. भाऊ चैत्रापासून विचारायला लागायचे, बाई, औंदा लुगडं फाटलं का न्हाई? मी म्हणायचे, एखाद्या बाईला असं विचारायला लाज वाटत नाही का? ते लाजायचे आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायचे. पांढऱ्या कापडावर तेलाचा थेंब टेकवून ते तो उन्हात धरायचे. वास घ्यायचे. लाल असला की त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभराचं समाधान. त्या दिवशी हौसावैनी पुरण घालायच्या. आणि दुपारभर ओट्यावर बसून, हातातलं निवडण-टिपण करत, त्या नवऱ्याचं काम बघत राहायच्या. ही बाई नुसती बसली नव्हती, शिकत होती, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

असं सांगितलं की गेनूभाऊ म्हणजे कुणी साधुपुरुष वाटतील. अजिबात नाही. गाडीच्या बाबतीत ते भयंकर कद्रू आणि मत्सरी होते. लग्नाच्या वराती, निवडणुकीचे फलक, साहेबांच्या सहली, कशाकशाला गाडी द्यायचे नाहीत. एकुलता एक लेक शंकर हाताशी आला, तळेगावला कारखान्यात लागला, तिथली गाडी चालवायला शिकला. त्याने एकदा सुट्टीत बापाला न विचारता गाडी बाहेर काढली. सवयीने डावा पाय क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला, उजवा पाय तसाच दाबलेला. गाडी थरथरून थांबली. भाऊ त्यानंतर कित्येक दिवस पोराशी बोलले नाहीत. हौसावैनी मधल्या मधे रडकुंडीला आल्या. मीच एक दिवस कडाडले की पोरापेक्षा लोखंड जास्त झालं का. भाऊंनी बोट वर केलं, विचार केला, आणि म्हणाले, "त्याला दोन पाय हाईत बाई. त्याला कुटली बी गाडी चालंल."

ते लाल तेल इथे मिळत नसे. मुंबईतला एक बोहरी दुकानदार ते कुठून कुठून मिळवून ठेवायचा आणि भाऊ जाऊन डबा घेऊन यायचे, मांडीवर धरून, तान्हं मूल आणावं तसं. एक साल असं आलं की दुकानदाराने हात वर केले. परदेशी माल येणं बंद झालं होतं. भाऊंनी त्या वर्षी जुनंच तेल गाळून परत घातलं. पुढच्या वर्षीही तेच. कापडावरचा थेंब आधी चहासारखा झाला, मग काळ्या चहासारखा. वास करपट यायला लागला. कुरवंड्याच्या चढावर इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. भाऊ बोट वर करून म्हणायचे, "इचार करतीय," पण आता आवाजात खात्री नसायची. मग मी म्हणायचे, करू दे, आपल्याला कुठे घाई आहे. हौद्यात पेशंट कण्हत असायचा.

त्याच सुमारास भाऊंच्या पोटाचं दुखणं उपटलं. डॉक्टरांनी पुण्याला ऑपरेशनला पाठवलं. शंकर कारखान्यातून रजा काढून बरोबर गेला. निघताना भाऊ गाडीजवळ थांबले, बॉनेटवर हात ठेवला आणि हौसावैनींना म्हणाले, "हिला कुनी हात लावू देऊ नगंस. तेल संपलंय तिचं."

त्यांना म्हणायचं होतं, तेलाचा जीव संपलाय. हौसावैनींनी ऐकलं तेवढंच घेतलं.

ते दुष्काळाचं साल होतं. मावळाला पावसाने इतरांइतकं मारलं नाही, पण दुकानात गोडंतेल दिसेनासं झालं होतं. भाजीला फोडणी म्हणजे चैन. वैनींनी कुरवंड्याच्या एका बाईजवळ सहज बोलून दाखवलं की आमच्यांच्या गाडीचं तेल संपलंय आणि मुंबईत मिळेना. ती बाई बोलली शेजारणीजवळ, शेजारीण चिमामावशीजवळ, असं ते डोंगरात वर गेलं. या लोकांचा नेम असा, की शनिवारी मारुतीला तेल घालायचं. घरात फोडणीला नसलं तरी मारुतीची पळी बाजूला काढलेली असायची. सगळ्यांनी मिळून ठरवलं की हे काही शनिवार मारुतीचं तेल गाडीला. चिमामावशी म्हणाली म्हणे, मारुतीला म्हाईत हाय गाडीनं कुनाकुनाला न्हेलंय ते, त्यो काय रागवत न्हाई. आणि मग वाट्यांतून, बाटल्यांतून, औषधाच्या शिशांतून तेल यायला लागलं. करडईचं, तिळाचं, कारळ्याचं. हौसावैनी सगळं एका स्वच्छ डब्यात साठवत गेल्या.

मी तेव्हा टाकव्याच्या बाजूला देवीच्या लसी टोचत गावोगाव फिरत होते. मी असते तर मी तरी काय सांगितलं असतं कोण जाणे. पण मी नव्हते. वैनींनी दोन गड्यांकडून गाडी ढकलून खड्ड्यावर घेतली, नऊवारीचा काचा मारला, आणि खाली शिरल्या. आयुष्यात पहिल्यांदा. बूच सोडलं, काळं तेल पाटीत घेतलं, जाळी रॉकेलने धुतली, कडेला नवी कड कापून बसवली, बोल्ट आवळले. मग माझ्या लुगड्याच्या घड्या करून त्यातून गाळून डोंगरातलं सगळं तेल नळीतून आत ओतलं. काढलेलं काळं तेल एका शेतकऱ्याला बैलगाडीच्या आसाला देऊन टाकलं.

भाऊ परत आले त्या दिवशी मी घरी होते. शंकरने त्यांना स्टेशनवरून टांग्यात बसवून आणलं. गालफडं बसली होती, पण पाय पट्ट्यात घट्ट बांधलेला, डोक्याला टोपी नीट. अंगणात कुरवंड्याची, ठाकरवाडीची सगळी माणसं. गाडीला आंब्याच्या पानांचं तोरण. चिमामावशी आधीच पुढच्या बैठकीत जाऊन बसलेली, मागचा हौदा भरलेला. वैनी पुढे झाल्या, भाकरतुकडा ओवाळला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तेल बदललंया मी. तुमी करता तसंच केलंया."

भाऊंचं तोंड उजळलं. तेल कुठं गावलं, असं विचारत त्यांनी बॉनेट उघडलं, लोखंडी पट्टी ओढली आणि सवयीने पांढऱ्या कापडावर थेंब टेकवून उन्हात धरला. थेंब पिवळा होता. त्यांनी वास घेतला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला. लोक एकमेकांच्या वरताण सांगत होते, त्यात आमचं बी हाय, आमचं तिळाचं हाय. शंकरच्या ध्यानात आलं. तो म्हणाला, "आई, हे गोडं ते..." आणि भाऊंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

मग त्यांनी बोट वर केलं. सगळ्यांना ते बोट माहीत होतं. किती वेळ ते तसेच उभे होते सांगता येत नाही. मला फार वाटला. शेवटी हात खाली घेऊन म्हणाले, "झ्याक केलंस हौसा." आणि चढून चाकामागे बसले.

कुरवंड्याच्या मारुतीपर्यंत गाडी गेली. कशी गेली देव जाणे. भाऊ इतकी सावकाश हाकत होते की पोरं उतरून बरोबर चालायची आणि परत चढायची. सगळ्या रस्त्याने पापड तळल्याचा वास. लोक हसत होते, कुणी म्हणालं, गाडीनं सनाचं जेवान मांडलंय. बायका गाणी म्हणत होत्या. मारुतीला नारळ फुटला, गाडीपुढेही फुटला. परतताना घराच्या अलीकडे जो लहानसा चढ आहे, तिथे इंजिन ओरडलं, गाडी थबकली, आणि काही केल्या पुढे सरकेना. खालून निळा धूर यायला लागला. लोकांना वाटलं दमली. सगळ्यांनी उतरून तिला ढकलत, मारुतीचा जयजयकार करत अंगणात आणून लावली. भाऊ चाक धरून समोर बघत बसले होते. मी त्यांच्या खिडकीशेजारून चालत होते. त्यांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. भाऊ गाडीच्या पायरीवर बसलेले. वैनी ओढ्यावर गेल्या होत्या. मी विचारलं, भाऊ, कळलं होतं ना तुम्हाला?

"वासावरनंच कळलंतं."

मग का चालवलीत, असं मी जरा रागानेच विचारलं. उतरवायचं होतं सगळ्यांना. तेल काढून टाकायचं होतं.

"काडून घालायचं काय? जुनं तर आसाला दिलंतं. आन् काडायचं म्हंजी त्या समद्यांच्या म्होरं भुईला वतायचं. चिमामावशीच्या घरात फोडनी न्हाई, बाई." मग म्हणाले, "रातीच खाली शिरून बगितलं मी. हौसानं बोल्ट समदे सारखे आवळलंत, मी आवळतो तसंच. कड बी जागच्या जागी. येक थेंब गळाला न्हाई. समदं बराबर केलंतं तिनं. निस्तं तेल तेवढं..."

मी खोलीत जाऊन रडले. मला त्या माणसाचा राग आला होता, त्याच्या बायकोची कीव आली होती, आणि सगळ्यात जास्त त्या वाट्या-शिशांची. कुणावर चिडायचं तेच समजत नव्हतं. एवढं मात्र त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं, की हौसाला कधी कळू द्यायचं नाही. मी दिलेला शब्द पाळला. आता दोघंही नाहीत, म्हणून सांगते आहे.

गिअरबॉक्स आतून जळाला होता, गाडी आंब्याखाली उभी राहिली. शंकर म्हणायचा, जुन्या बाजारात डिझेल इंजिन मिळतं, त्याच्याबरोबर क्लचवाला गिअरबॉक्स, दोन्ही बसवू, गाडी पळायला लागेल. खरंच होतं ते, सगळेच तसं करत होते. पण क्लच आला म्हणजे भाऊ गेले. हे न बोलता सगळ्यांना कळायचं आणि विषय तिथेच थांबायचा. भाऊ बोट वर करायचे आणि ते वरच राहायचं. वर्ष गेलं तसंच.

मग पावसाळ्यात चिमामावशीच त्या वाटेवर गेली. साप चावला होता. झोळीतून खांद्यावर आणत होते, अर्ध्या वाटेत संपली. आम्ही दोघंही गेलो होतो मातीला. परत आल्यावर भाऊ ओट्यावर बसले आणि शंकरला हाक मारून म्हणाले, "इंजान बग जा. पेशंटाला काय करायचंय, कोन हाकतोय ते."

जुना गिअरबॉक्स त्यांनी दुसऱ्या कुणाला काढू दिला नाही. पाय खिळ्याला टांगून स्वतः खाली शिरले. बोल्ट सोडले तेही या कडेचा एक, मग समोरच्या कडेचा. शंकरने आणि गड्यांनी दोर लावून ते धूड खाली घेतलं. पोटातल्या तेलाचा एव्हाना खवट वास सुटला होता. भाऊंनी ते ओतलं नाही. लोकांचं तेल म्हणून डब्यात भरून ठेवलं. हौसावैनी पुढे कित्येक महिने त्याचा दिवा लावत होत्या. गाडी सुरू झाली, शंकरने कारखाना सोडला, आणि पेशंट पुन्हा वेळेवर पोचायला लागले. वैनी मला कौतुकाने सांगायच्या, तेल घातलेलं मानवलं बगा बाई, गाडी फिरून उटली. भाऊ शेजारी बसलेले असले तर म्हणायचे, व्हय.

ते लेकाशेजारी एक-दोनदा बसले. शंकर चांगला चालवायचा, पण क्लच सोडताना हिसका बसायचाच. प्रत्येक हिसक्याला भाऊंचा हात बैठकीवरून फिरायचा, कुणाला थोपटावं तसा. मग ते बसेनासे झाले. म्हणाले, ऑपरेशनची जागा दुखती.

माझी बदली झाली ती सातारा भागात. सामान आवरून मी निरोप घ्यायला शेजारी गेले, रविवार होता, वैशाखातलं रणरणतं ऊन. फाटकातून आत गेले तर आंब्याच्या खिळ्याला पाय टांगलेला. इतक्या वर्षांच्या सवयीने मी ओट्यावर जाऊन गप बसले. बसल्यावर ध्यानात आलं की अंगणात गाडीच नाही.

मी उठून खड्ड्याजवळ गेले. खाली गोणपाटावर गेनूभाऊ उताणे पडले होते. दोन्ही हात पोटावर, एका मुठीत माझ्या लुगड्याचा पांढराशुभ्र तुकडा. जिथे गाडीचं पोट दिसायचं तिथे नुसतं आभाळ होतं आणि ते त्याच्याकडे बघत होते.

मी विचारलं, भाऊ, गाडी कुठाय?

"शंकर घिऊन गेलाय. भाजे गावाला. म्हातारं मानूस हाय कुनाचं तरी."

मग तुम्ही इथं काय करताय, असं विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं. त्यांनी पोटावरचा हात उचलला, एक बोट वर केलं. मी वाट बघत उभी राहिले.

"काय न्हाई बाई," ते म्हणाले. "आज तेल बदलायचा दिस."

घरातून हौसावैनींची हाक आली, पुरण झालंय, पाय घाला न् या. मी खिळ्यावरून तो पाय उतरवला. इतक्या वर्षांत त्याला मी कधी हात लावला नव्हता. मग खड्ड्याच्या काठावर बसले आणि खाली वाकून तो त्यांच्या हातात दिला.